भाचीसाठी हलकी, कमी धक्क्याची रायफल कोणती घ्यावी? (सोलापूर)

सातरस्ता_मामा
भाची तेरा वर्षांची, आठवीत आहे. उंची १४८ सेंमी, वजन ३७ किलो. शालेय नेमबाजीत उतरायचं म्हणते. घरात स्प्रिंगची जुनी एअरगन आहे. ती तिला नळी खाली वाकवून (मोडून) भरता येत नाही आणि उडवली की गालाला, खांद्याला झटका बसतो. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, म्हणतात की घ्यायचीच तर शिकारीची दमदार रायफल घेऊ, मोहोळच्या शेतात रानडुकरांसाठीही कामाला येईल. बजेट ६० हजार, फार तर थोडं वाढवू. वजनाला हलकी आणि धक्का कमी, एवढं बघून कुठली घ्यावी? जाणकारांनी सांगावं.

दहा_मीटर
मामा, आधी दाजींचं बघू, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे. मोहोळ आणि उत्तर सोलापूरच्या पट्ट्यात माळढोक अभयारण्य आहे. तिथल्या काळविटावर, मोरावर किंवा सशावर साधा छर्रा जरी मारला तरी तो गुन्हाच. डुकरांनी पीक लोळवलं तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. डुक्कर मारायचं असेल तर खात्याची लेखी परवानगी लागते, मनाने करायची गोष्ट नाही ती. शिवाय विनापरवाना मिळणाऱ्या एअर रायफलने डुक्कर मरतही नाही, जखमी होतं आणि अंगावर येतं. त्यामुळे एकाच रायफलीत दोन्ही कामं हा विचार सोडून द्या.

विनापरवाना म्हणजे काय तेही लक्षात ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. १० मीटरवरच्या नेमबाजीची रायफल ताकदीत या मर्यादेच्या बरीच खाली असते. ०.२२ इंची एअरगन मात्र घेऊ नका. ती परवान्यात येते आणि स्पर्धेत चालतही नाही.

आता धक्का. स्प्रिंगच्या गनमध्ये ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे सुटतो आणि गन मागे येते. पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो, तेव्हा गन पुढे ढकलली जाते. हा मागे-पुढे हिसका छर्रा नळीत असतानाच सुरू होतो. म्हणून भाचीचे छर्रे विखुरतात, तिचा नेम वाईट आहे म्हणून नाही. अशी गन हलकी घेतली तर हिसका उलट वाढतो, कारण त्याच पिस्टनपुढे आता कमी वजन आहे. 'हलकी' आणि 'कमी धक्क्याची' या दोन मागण्या स्प्रिंगच्या गनमध्ये एकमेकींच्या विरोधात जातात.

सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, म्हणजे पीसीपीत, पिस्टनच नसतो. हिशोब करून बघा. मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर, म्हणजे ताकद ८ जूल. ४ किलोची रायफल त्या छर्‍याने मागे येते सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. मुलीला ते कळतसुद्धा नाही. ०.२२ च्या काडतुसाचा रेटा याच्या नऊपट तरी असतो.

बारीक_बिंदू
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण मला वाटतं मामा वजनाकडे बघतायत आणि खरी अडचण मापाची आहे. मोठ्या माणसाच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब असतो. मुलगी तो खांद्याला लावायला मान पुढे काढते, डावा हात सरळ ताणते आणि मग रायफल जड वाटायला लागते. तीच रायफल दस्ता दोन बोटं आत घेऊन दिली की सहज धरते.

माप असं घ्या. उजवा कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खळगीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात आलं पाहिजे. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे. मग उभी राहून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावू दे आणि डोळे उघडल्यावर पीप साईट (बारीक भोकातून बघायची मागची साईट) समोर दिसते का बघा. दिसत नसेल तर गालाची पट्टी वरखाली होणारी हवी. ज्युनिअर मॉडेलमध्ये बट प्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी), गालाची पट्टी, पकड असं सगळं सरकतं आणि सिलिंडरही आखूड असतो. तिची उंची अजून वाढणार आहे, त्यामुळे हे सरकणं चैनीचं नाही, गरजेचंच आहे.

वजनाचं म्हणाल तर तिच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे साडेतीन ते पावणेचार किलो ठीक. स्पर्धेच्या नियमात वरची मर्यादा साडेपाच किलो आहे, खाली मर्यादा नाही. पण वजन कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. नळीच्या टोकाला जड असलेली साडेतीन किलोची रायफल ही डाव्या तळहातावर तोल असलेल्या चार किलोच्या रायफलीपेक्षा लवकर थकवते. दंडाच्या जोरावर रायफल धरायची नसते. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि वजन हाडांवरून पायात उतरतं. लहान मुलांचा हात कमरेपर्यंत पोचला नाही की ती कंबर बाहेर काढून मागे झुकतात आणि पाठीच्या खालच्या मणक्यांवर ताण येतो. पाठ दुखते म्हणाली तर 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नका.

चिंचोळी_एमआयडीसी
एक वेगळं मत मांडतो. शालेय स्पर्धेत ओपन साईट (भोकाऐवजी साधी उघडी खाच) आणि पीप साईट असे वेगळे गट असतात. सुरुवात ओपन साईटनेच करायची असेल तर भारतीय बनावटीची साधी स्प्रिंग रायफल दहा-वीस हजारांत येते. लाखाची रायफल घेऊन पोरीने सहा महिन्यांत सोडली तर?

दहा_मीटर
दादा, पैशाचं बरोबर आहे, पण ३७ किलोच्या मुलीला दर छर्‍याला नळी मोडून स्प्रिंग ताणायची म्हणजे काय ते बघा. चांगल्या स्प्रिंगला दहा-पंधरा किलोचा जोर लागतो. सामन्यात असे कितीतरी नेम असतात, वर सरावाचे छर्रे वेगळे. तिसाव्या छर्‍यानंतर तिचा खांदा थरथरायला लागतो आणि नेमातली चूक कुठली, थकवा कुठला हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. शिवाय नळी अर्धवट मोडलेली असताना हातातून सुटली तर बोटं चेमटतात. हे उगाच घाबरवणं नाही, होतं असं.

तरी ओपन साईटसाठी घ्यायचीच असेल तर सगळ्यात कमी ताकदीचं मॉडेल घ्या आणि सुरुवातीला नळी मोठ्या माणसाने मोडून द्यावी. धरताना घट्ट आवळायची नाही, तळहातावर सैल ठेवायची आणि हिसका गनला तिच्या चालीने करू द्यायचा. रिकामी उडवायची नाही. छर्रा नसला की पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि सील, स्प्रिंग दोन्ही जातात. आणि कृपा करून नळीत शिलाई मशीनचं नाहीतर खोबरेल तेल सोडू नका. दाबाने ते आत पेटतं, फाट्‌कन मोठा आवाज येऊन धूर निघतो. लोकांना वाटतं रायफल जोरात मारायला लागली, पण सील जळत असतं.

माझा सल्ला असा: आत्ता काहीच घेऊ नका. आधी नेमबाजी क्लबची रायफल वापरून तीन-चार महिने शिकू द्या. तेवढ्यात तिचं माप, आवड आणि कुठला हात हे सगळं कळेल.

ज्वारीचं_कणीस
पीसीपी घेतली तर हवा टायरच्या दुकानात भरून मिळेल का?

बारीक_बिंदू
नाही. टायरचा कॉम्प्रेसर दहाएक बार दाब देतो, मॅच रायफलीला २०० बार लागतात. दोन मार्ग आहेत. हातपंप किंवा डायव्हिंगचा मोठा सिलिंडर. हातपंपाला शेवटच्या टप्प्यात मोठ्या माणसाचं पूर्ण वजन टाकावं लागतं, भाचीला जमणार नाही, तुम्हालाच मारावा लागेल. तीस-चाळीस फटक्यांनंतर थांबा, पंप गार होऊ द्या, तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढून टाका. पावसाळ्यात हे टाळलं तर ओल सिलिंडरमध्ये जाते आणि आतून गंज धरतो. रोजच्या सरावाला क्लबचा मोठा सिलिंडरच बरा. तो वेळेवर दाबचाचणी झालेला असावा.

ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका. शुद्ध ऑक्सिजन जास्त दाबाने ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होतो. दवाखान्यात ओळख आहे म्हणून कुणी देऊ केला तरी नाही म्हणायचं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असताना भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवायचा नाही. उष्णतेने दाब चढतो आणि ओ-रिंगा (रबरी कड्या) मऊ पडून गळायला लागतात. नेमबाजीचं कॅनव्हासचं जॅकेट घालून दुपारी सराव तर अजिबात नको, सकाळी साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा.

सातरस्ता_मामा
खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दाजींना वाचून दाखवलं, रानडुकराचा विषय संपला. क्लबमधून शिकायचं ठरलंय. दोन प्रश्न राहिले. पुढे वापरलेली रायफल घ्यायची झाली तर काय तपासायचं? आणि ती लिहिते उजव्या हाताने, पण एक डोळा मिटायला सांगितला की उजवा मिटते, मग रायफल कुठल्या खांद्याला लावायची?

दहा_मीटर
दुसरा प्रश्न आधी, कारण तो चुकला तर रायफलच चुकीची येईल. दोन्ही तळहात पुढे करून मधे छोटी फट ठेवायला सांगा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा. मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहतं तो तिचा मुख्य डोळा. डावा निघाला तर या वयात डाव्या खांद्यावरूनच शिकवलेलं चांगलं, हात महिन्याभरात वळतो. तशी रायफल घ्यायची तर पकड डाव्या हाताची हवी. उजव्या हाताची पकड बोटांच्या आकाराने कोरलेली असते, ती उलटून बसत नाही. बाजारात येणाऱ्या बहुतेक वापरलेल्या रायफली उजव्या हाताच्याच असतात. डोळा मिटायची सवय मात्र मोडा. मिटलेल्या डोळ्याचा ताण नेमाच्या डोळ्यावर येतो. त्याऐवजी न वापरायच्या डोळ्यापुढे ३० मिमीपर्यंत रुंदीची पांढरी पट्टी लावतात, नियमात बसते.

बारीक_बिंदू
वापरलेल्या रायफलीचं मी सांगतो.

सर्वांत आधी सिलिंडरवरची तारीख. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं असते आणि ती सांभाळायची जबाबदारी नेमबाजाची. मुदत संपलेली असेल तर रायफलीच्या किमतीत नव्या सिलिंडरची किंमतही धरायची. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर या परदेशी कंपन्यांपैकी कुठलीही मिळाली तरी चालेल, पण त्या मॉडेलचा सिलिंडर आणि सील आपल्याकडे मिळतात का ते क्लबमध्ये विचारून घ्या.

मग २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेवा. भरताना हवा तापते, त्यामुळे गार झाल्यावर काटा थोडा उतरणारच. तासाभराने नोंद घ्या आणि सकाळी तुलना करा. त्यानंतरही उतरला असेल तर गळती आहे.

टेबलावर उशी ठेवून दहा मीटरवरून एकाच कागदी निशाणावर पाच छर्रे मारा. पाचही मिळून एकच किंचित फाटलेलं भोक दिसलं पाहिजे. दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे रायफलीची स्वतःची चूक इथे चालत नाही. छर्रे विखुरले तर लगेच नळीला दोष देऊ नका. डोकं ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमीचं असं वेगवेगळं मिळतं, दोन-तीन डबे बदलून बघा. चपट्या तोंडाचेच छर्रे घ्या, कागदात स्वच्छ भोक पाडतात.

मागची पीप साईट हमखास विसरली जाते. स्क्रू चार क्लिक उजवीकडे आणि चार डावीकडे फिरवून परत पाच मारा, ठोका त्याच जागी यायला हवा. साईट नसलेली रायफल स्वस्त वाटते, पण चांगली साईट वेगळी घ्यायला भरपूर पैसे लागतात. बिल आणि हवा भरायचा अडॅप्टर सोबत घ्या. त्याशिवाय व्यवहार नको.

६० हजारांत चांगली परदेशी मॅच रायफल वापरलेलीही मिळणं अवघड आहे. घाईने मधलंच काहीतरी घेण्यापेक्षा त्यातून आधी तिच्या मापाचं जॅकेट, हातमोजा आणि बूट घ्या. जॅकेटने पाठीला आधार मिळतो आणि क्लबच्या रायफलीवरही गुण वाढतात.

चिंचोळी_एमआयडीसी
मान्य, क्लबचं बरोबर आहे. घरी सरावासाठी छर्रापेटी, म्हणजे निशाणामागे छर्रे अडवणारी पेटी, हवी असेल तर अक्कलकोट रोडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून होईल. ३ मिमी पत्र्याची पेटी, आतला मागचा पत्रा ४५ अंशात खाली तिरका, तळाला वाळूचा ट्रे. पत्रा उभा सरळ लावला तर छर्रा उलटा येतो. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. पेटीमागे आपली सोलापुरी चादर दुहेरी, सैल सोडा. चुकलेला छर्रा तिच्यात मरतो, ताणून बांधली तर आरपार जातो. चादर फक्त जास्तीची काळजी आहे, तिच्यामागे पक्की भिंत हवीच. गच्चीवर नको, शेजारच्या गच्चीवर कुणी वाळवण घालायला आलं तर दिसत नाही. दार नसलेला लांब बोळ किंवा पार्किंग बघा.

दहा_मीटर
त्यात एक जोडतो. छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरायचे नाहीत, सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू द्यायचा नाही आणि पेटीतली वाळू झाडूने न झाडता ओल्या फडक्याने साफ करा. रायफल ठेवताना नळीतून पिवळी सुरक्षा दोरी आरपार घालून ठेवा, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही कळतं. पुढे पुण्यात बालेवाडीला सामन्यासाठी हुतात्मा एक्सप्रेसने न्यायची झाली तर कुलपाच्या पेटीत, सिलिंडर काढून वेगळा आणि बिलाची प्रत पेटीतच.