टालिया गेली तरी लायटा होतीच की

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतून टालिया ही टेलिपॅथ (दुसऱ्याचं मन वाचणारी) गेल्यावर टेलिपॅथांच्या कथेचा कणाच मोडला, असं एकाने म्हटलंय; ते अर्धंच पटलं. आयर्नहार्ट या टेलिपॅथने तिला दिलेली शक्ती वाया गेली, खरंय. पण १९९३च्या पायलटमध्ये लायटा या दुसऱ्या टेलिपॅथने व्होरलॉन या परग्रहवासी जमातीच्या कोश या राजदूताच्या मनात डोकावलं होतं, तो धागा आयता हाताशी होता. त्यामुळे टालिया साकारणाऱ्या अँड्रिया थॉम्पसनच्या जागी लायटा साकारणारी पॅट्रिशिया टॉलमन परतली आणि व्होरलॉनांनी लायटाला बदलून टाकलं, ते ओढूनताणून वाटत नाही.

खरी गोची पाचव्या सीझनमध्ये. टालियाच्या शेवटच्या भागातच अंतराळस्थानकावरची अधिकारी इव्हानोव्हा आपली सुप्त टेलिपथी कबूल करते. पुढे तिची भूमिका करणारी क्लॉडिया ख्रिश्चन बाहेर पडली आणि ते तसंच लटकलं. ऐरोलीला मित्राकडे सगळे भाग ओळीने बघताना पाचव्या सीझनमधला टेलिपॅथांचा नेता बायरन दिसला की मित्राची आई इव्हानोव्हाबद्दल विचारायची, “ती कडक बाई कुठे गेली रे?”