एकरूख ते उजनी : सोलापूरचं पाणी नेमकं कुठं अडतं?
(शहराच्या तीन भागांतल्या तिघांची चर्चा)

जुळे सोलापूर :
1871 साली एकरूखचं, म्हणजे हिप्परग्याचं तळं झालं. ते पुरेना म्हणून भीमेवर टाकळीची पाणी योजना, तेही पुरेना म्हणून शंभरावर किलोमीटरवरून उजनी धरणाची लाइन, आणि आता 170 एमएलडीची, म्हणजे रोज 17 कोटी लिटरची, समांतर जलवाहिनी. एवढं होऊनही वर्षानुवर्षं नळ चार-पाच दिवसांआड. खरा घोळ वाटपात आहे. रिकाम्या लाइनीत हवा भरलेली असते. चावी उघडल्यावर ती एअर व्हॉल्व्हमधून निघेपर्यंत टोकाच्या घराला थेंब मिळत नाही. पाणी बंद करताना लाइनीत ओढ तयार होते आणि सैल जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. पहिली बादली गढूळ येते ती यामुळं. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते.

बाळीवेस :
नाही पटलं. टाकळीसाठी उजनीतून नदीत पाणी सोडून औज बंधाऱ्यात अडवतात. अशा एका आवर्तनाला, म्हणजे एका वेळच्या सोडण्याला, 5-6 टीएमसी (अब्ज घनफूट)! 170 एमएलडी वर्षभर उचललं तरी सुमारे 2.2 टीएमसीच लागतं. उरलेलं वाळूत मुरतं, उन्हात उडतं, वाटेत उपसलं जातं. आधी जलवाहिनी पूर्ण क्षमतेनं चालवा. जलकुंभच अर्धे असतील तर गल्लीत दाब येणार कुठून?

होटगी रोड :
हिशेब बरोबर, पण त्याच आवर्तनावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे लोकही पाणी पितात. शिवाय उजनीची पातळी खाली गेली की दुबार, मग तिबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोन-तीन टप्प्यांत उचलावं लागतं. पंपाची वीज गेली की सगळंच थांबतं. उजनीच्या भरवशावर अख्खं शहर ठेवू नका. औज राहू द्या, हिप्परग्याचा गाळ काढा.

जुळे सोलापूर :
तिन्ही स्रोत ठेवा, हरकत नाही. पण एका जलकुंभाखालचा भाग वेगळा काढून तोंडाशी मीटर बसवा. घरच्या टाक्या भरल्यावरही रात्रभर लाइन दाबात ठेवा आणि 2 ते 4 या वेळेत मीटर बघा. तेव्हा वापर जवळजवळ नसतो, म्हणजे जे फिरतंय त्यातली बहुतेक गळती. ते जोड बदला, मग टोकाच्या नळाला क्लोरीन तपासा. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. पाच दिवस साठवलेल्या बॅरलात ते टिकत नाही, आणि बॅरल झाकलं नाही, कधी पूर्ण रिकामं केलं नाही तर डेंगीच्या डासाला वाढायला आठ-दहा दिवस पुरतात.

बाळीवेस :
ही चाचणी मान्य. पण ती हद्दवाढीत, म्हणजे शहरात नंतर जोडलेल्या भागात करा, जिथं पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं. आणि त्या रात्री जलकुंभ काठोकाठ भरलेला हवा, नाहीतर मीटरचा आकडा कशालाच पुरावा ठरणार नाही.