एमडीटी ८४५६सोबत एडीकेची कोणती आवृत्ती घ्यावी? (एक जुनी व एक नवी लॅब)

फोंडा_लॅब (प्रश्न)

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या दोन संगणक लॅब मी सांभाळते. पहिल्या लॅबमधील यंत्रे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची असून त्यांतील काही केवळ लेगसी बायोसवर, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या जुन्या फर्मवेअरवर (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीवर), चालतात. दुसऱ्या लॅबमध्ये यंदा बाराव्या पिढीची नवी यंत्रे आली आहेत आणि त्यांत टीपीएम २.० (सुरक्षा चिप) व सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह सहीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही आहेत. आजवर सर्व यंत्रांवर विंडोज १० चढवण्यासाठी आम्ही मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट, म्हणजे एमडीटीची ८४५६ ही आवृत्ती आणि विंडोज १० आवृत्ती २००४चे एडीके (विंडोज चढवण्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा साधनसंच) अशी जोडी वापरत आलो, आणि ती विनातक्रार चालली.

विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे नव्या लॅबवर विंडोज ११ चढवणे भाग आहे, आणि हे काम चवथीच्या सुट्टीत उरकावे अशी प्राचार्यांची इच्छा आहे. त्यासाठी चालू सर्व्हरला हात न लावता मी एका वेगळ्या यंत्रावर एमडीटी ८४५६ आणि नवे एडीके बसवून पाहिले. तेथे दोन अडचणी आल्या. डिप्लॉयमेंट शेअरच्या (एमडीटीच्या सामायिक फोल्डरच्या) गुणधर्मांत ‘विंडोज पीई’ (विंडोज चढवण्यापुरते यंत्र सुरू करणारे छोटे विंडोज, म्हणजेच विनपीई) हा टॅब उघडताच त्रुटी येऊन खिडकी बंद पडते. तरीही बूट इमेज (यंत्र विनपीईमध्ये सुरू करणारी फाइल) तयार केली, तर यंत्र त्यावरून सुरू होते, पण विझार्डच्या जागी स्क्रिप्टमधील चुकीचा संदेश दिसतो.

जुने एडीके ठेवून त्यावरूनच विंडोज ११ चढवणे योग्य ठरेल का, की नवे एडीके घेऊन या अडचणी सोडवाव्यात? यंत्रे पुरवणाऱ्यांचे म्हणणे असे की एमडीटी सोडून सरळ फॉगकडे (एका यंत्राच्या डिस्कची प्रत इतर यंत्रांवर उतरवणाऱ्या मोफत प्रणालीकडे) वळावे. आमच्याकडे वेगळा सर्व्हर विकत घेण्यास निधी नाही, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वेर्णा_सिस्टिम्स

नमस्कार मॅडम. आपण चालू सर्व्हर तसाच ठेवून चाचणी वेगळ्या यंत्रावर घेतली, हे फार चांगले केले. एका यंत्रावर एडीकेच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदत नाहीत. जुनी काढूनच नवी बसवावी लागते आणि मग मागे फिरायचे झाल्यास सुट्टीतले दिवस त्यातच जातात.

येथे आवृत्तीचा निर्णय एका साधनापुरता नसतो. एमडीटी, एडीके, विनपीईचे पूरक पॅकेज आणि चढवायचे विंडोज हे चारही घटक एकत्र जुळले पाहिजेत. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून विनपीई एडीकेमधून वेगळे काढले गेले. त्यामुळे ते स्वतंत्रपणे उतरवावे लागते, आणि ते एडीकेच्याच क्रमांकाचे असावे लागते. अनेकदा एडीके एका महिन्यात उतरवलेले असते, पूरक पॅकेज वर्षभरानंतरचे असते आणि दोष मात्र एमडीटीवर येतो.

एडीके चढवायच्या विंडोजपेक्षा नवे असले तरी चालते, पण जुने असू नये. कारण एडीकेमधील डिझम हे साधन विंडोजच्या ज्या इमेजवर (साठवलेल्या प्रतीवर) काम करते, तिच्यापेक्षा ते जुने असल्यास ड्रायव्हर किंवा पॅच घालताना खात्री उरत नाही. म्हणून २००४च्या एडीकेवरून विंडोज ११ चढवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर पाहता ते चढते, आणि म्हणूनच लोक त्यावर विसंबून राहतात. आपण १०.१.२६१००.२४५४ हे डिसेंबर २०२४चे एडीके घ्यावे. विंडोज ११ची २४एच२ आणि २५एच२ या दोन्ही आवृत्त्या एकाच पायावर उभ्या असल्यामुळे ते दोन्हींना चालते. या दोहोंतील निवड मात्र आपल्या एडिशनवर ठरेल: २४एच२ला प्रो एडिशनमध्ये १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आधार आहे, तर एज्युकेशन एडिशनमध्ये तो आणखी एक वर्ष मिळतो. आपल्याकडे प्रो असेल, तर आता २४एच२ चढवण्यात अर्थ नाही.

आपल्या दोन्ही अडचणी ओळखीच्या आहेत. विंडोज ११च्या एडीकेपासून ३२ बिटांचे विनपीई मिळणे बंद झाले, परंतु एमडीटी ८४५६ जानेवारी २०१९चे असल्यामुळे ते अजूनही त्याचे फोल्डर शोधते आणि न सापडल्यास तो टॅब कोसळतो. एडीकेच्या ‘विंडोज प्रीइन्स्टॉलेशन एन्व्हायर्नमेंट’ या फोल्डरमध्ये ‘एक्स८६’ नावाचे आणि त्याच्या आत ‘विनपीई_ओसीज’ नावाचे रिकामे फोल्डर, अर्थात इंग्रजी अक्षरांत, तयार केले की टॅब उघडतो. मग पहिल्याच टॅबवरील ३२ बिटांच्या प्लॅटफॉर्मची खूण काढून टाकावी. तुमच्या जुन्या यंत्रांचे प्रोसेसरही ६४ बिटांचेच आहेत, त्यामुळे त्या इमेजची कोणालाच गरज नाही.

स्क्रिप्टची त्रुटी येण्याचे कारण असे, की २२एच२च्या एडीकेपासून विनपीईमधील जेस्क्रिप्ट या स्क्रिप्ट-भाषेचे इंजिन बदलले आणि एमडीटीचा विझार्ड जुन्या इंजिनावर बेतलेला आहे. एमडीटीच्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये ६४ बिटांच्या विनपीईची अनअटेंड फाइल (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) असते. तिच्यात विझार्ड सुरू होण्याआधी रजिस्ट्रीतील इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘मेन’ या कीखाली ‘जेस्क्रिप्ट-रिप्लेसमेंट’ हे मूल्य शून्य करणारी आज्ञा घालावी लागते (नाव अर्थातच मधल्या रेघेशिवाय, इंग्रजीत सलग लिहावे). त्यानंतर शेअर अद्ययावत करताना बूट इमेज पूर्णपणे नव्याने घडवण्याचाच पर्याय निवडावा. नुसती सुधारणा केल्यास जुने अवशेष आत राहतात.

म्हापसा_नेटवर्क

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टने एमडीटी आता निवृत्त केले आहे. विंडोज ११ला त्याचा अधिकृत आधार कधीच नव्हता. त्यातील बहुतेक यंत्रणा व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या स्क्रिप्ट-भाषेवर उभी आहे, आणि व्हीबीस्क्रिप्ट स्वतःच ऑक्टोबर २०२३मध्ये कालबाह्य म्हणून जाहीर झाली. विंडोज ११च्या २४एच२मध्ये ती मुळात चालू असलेले ऐच्छिक अंग म्हणून आहे, पण सुमारे २०२७मध्ये ती मुळात बंद ठेवण्याचा मायक्रोसॉफ्टचा विचार आहे. त्यामुळे यंदाची चवथ एमडीटीवर निभावेल, मात्र पुढील वर्षांसाठी त्यावर नवे काही उभारू नये.

फॉगबाबत पुरवठादाराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मी बार्देशातील काही शाळांना फॉग बसवून दिले आहे. त्याला महागडा सर्व्हर लागत नाही, लिनक्स आणि एक बरी हार्ड डिस्क असलेले जुने डेस्कटॉप पुरते. एक यंत्र नीट सजवायचे, त्याची इमेज घ्यायची आणि मल्टिकास्टने सर्व लॅबला एकाच वेळी पाठवायची, हे काम फॉग उत्तम करते. मात्र स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट केवळ मागणाऱ्या यंत्रांकडेच जाऊ देणारी सोय) नीट बसवलेले नसेल, तर तेच मल्टिकास्ट कार्यालयाचे नेटवर्कही तुंबवते. शिवाय नेहमीच्या मांडणीत फॉगवरून बूट करण्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते, म्हणजे नव्या लॅबमध्ये प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरमध्ये जाऊन ते बंद आणि नंतर पुन्हा चालू करणे आले. जुन्या लॅबला ही अडचण नाही.

फॉगमध्येही आवृत्तीचा प्रश्न आहेच, फक्त तो वेगळ्या जागी आहे. सर्व्हरची आवृत्ती एक आणि यंत्रावर उतरणाऱ्या लिनक्स कर्नलची (गाभ्याची) आवृत्ती दुसरी असते. नव्या नेटवर्क कार्डला फॉग ओळखत नसेल, तर सर्व्हर बदलण्याऐवजी आधी कर्नल अद्ययावत करावा. क्लोनझिला या डिस्कची प्रत घेणाऱ्या मोफत साधनाचेही असेच: त्याची नेहमीची आवृत्ती डेबियनवर आणि पर्यायी आवृत्ती उबंटूवर बेतलेली असते. एका यंत्रावर एक सुरू झाली नाही, तर क्लोनझिला चालत नाही असा निष्कर्ष न काढता दुसरी लावून पाहावी.

फोंडा_लॅब

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रिकामे फोल्डर आणि रजिस्ट्रीतील मूल्य या दोन्ही गोष्टी केल्या. टॅब उघडतो आणि विझार्डही येतो. आमचा परवाना एज्युकेशन एडिशनचा आहे, तरीही २५एच२च चढवावे असे ठरवले आहे.

आता दोन नव्या गोष्टी समोर आल्या आहेत. नव्या यंत्रावर विझार्ड पुढे सरकतो, परंतु डिस्क विभागण्याच्या पायरीवर यंत्रात डिस्कच नाही असे सांगून थांबतो. आणि जुन्या लॅबमधील एक लेगसी बायोसचे यंत्र याच नव्या इमेजवरून सुरू केले, तर एमडीटी त्याला यूईएफआय समजून डिस्कची मांडणी करते आणि पुढे विंडोज सुरूच होत नाही. हे नव्या एडीकेमुळे होत असेल, तर जुन्या लॅबसाठी जुनी जोडी तशीच ठेवावी का?

वेर्णा_सिस्टिम्स

पहिल्या प्रकाराचा एडीकेच्या आवृत्तीशी संबंध बहुधा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक यंत्रांत डिस्क व्हीएमडी या नियंत्रकामागे असते, आणि त्याचा ड्रायव्हर विनपीईमध्ये मुळात नसतो. विझार्ड थांबल्यावर एफ८ दाबून काळी खिडकी उघडावी, डिस्कपार्ट चालवून ‘लिस्ट डिस्क’ लिहावे. यादीत पेनड्राइव्हच दिसत असेल, तर खात्री झाली. यंत्राच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर सुट्या फाइलींच्या स्वरूपात घेऊन तो एमडीटीच्या ड्रायव्हर विभागात घालावा. बूट इमेजसाठी मात्र वेगळा निवड-संच करून त्यात केवळ नेटवर्क आणि डिस्क यांचे ड्रायव्हर ठेवावेत. ध्वनी, ग्राफिक्स, प्रिंटर असे सरसकट सर्व कोंबले, की इमेज फुगते आणि नेटवर्कवरून उतरायला वेळ घेते. फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला कोणी देईल. ड्रायव्हर मिळत असताना ते करण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार खरोखर आवृत्तीचा आहे. विंडोज १०च्या २००४ आवृत्तीच्या एडीकेपासून एमडीटी ८४५६ बायोसच्या यंत्रांना यूईएफआय समजू लागले, आणि त्यावर मायक्रोसॉफ्टने केबी४५६४४४२ हा दुरुस्ती पॅच दिला होता. आपल्या जुन्या सर्व्हरवर तो कोणीतरी पूर्वी बसवलेला असणार, म्हणून तेथे अडचण दिसली नाही. नव्या यंत्रावर एमडीटी कोरे बसवल्यामुळे तो गळला. पॅचमधील युटिलिटीची डीएलएल फाइल एमडीटीच्या मूळ टेम्प्लेट्समध्ये बदलून शेअर अद्ययावत करावा. शेअरच्या स्वतःच्या टूल्स फोल्डरमध्ये ती पोहोचली आहे का, हे फाइलची तारीख पाहून तपासावे.

तरीही जुन्या लॅबसाठी जुनी जोडी ठेवावी, असे मी म्हणेन. ती यंत्रे विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यावर विंडोज १० ठेवून वाढीव सुरक्षा पॅच विकत घेतले, तर संस्थांना ते ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतात. नाहीतर ती लिनक्सवर न्यावीत. दोन्ही बाबतींत नव्या एडीकेकडून त्यांना मिळण्यासारखे काही नाही.

सिक्युअर बूटची २०११ची प्रमाणपत्रे जून २०२६पासून संपू लागतात आणि त्यांची जागा २०२३ची प्रमाणपत्रे घेत आहेत. एखाद्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये जुने प्रमाणपत्र रद्द केले गेले असेल, तर जुन्या सहीची विनपीई त्यावर सुरूच होणार नाही. नव्या लॅबचे फर्मवेअर अद्ययावत करणार असाल, तर आधी एका यंत्रावर करून बूट इमेज चालते का ते पाहावे.

डिचोलीकर

इमेजिंगच्या या चर्चेत एक बाब सुटू नये. फॉग असो वा क्लोनझिला, सजवलेल्या यंत्राची इमेज घेण्यापूर्वी सिसप्रेप (विंडोजचे स्वतःचे तयारीचे साधन) चालवून ‘जनरलाइझ’ करणे, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख पुसणे, आता टाळता येणार नाही. सिसप्रेपविना पसरवलेल्या यंत्रांचे सुरक्षा ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी, सारखेच राहतात. वर्षानुवर्षे लोकांनी तसेच केले आणि बहुधा निभावले. परंतु ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासूनच्या अद्यतनांनंतर विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२मध्ये समान एसआयडी असलेल्या यंत्रांना एकमेकांकडे प्रमाणीकरण नाकारले जाते. लॅबमध्ये सामायिक फोल्डर किंवा रिमोट डेस्कटॉप वापरत असाल, तर अचूक पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही आणि दोष नेटवर्कवर ढकलला जातो. एमडीटीने मूळ विंडोजवरून थेट चढवल्यास हा प्रश्न येतच नाही. नव्या लॅबला यंदा एमडीटीच ठेवण्यामागे मला हे सर्वांत भक्कम कारण वाटते.

आणि मॅडम, आपल्याकडे पावसात वीज कशी जाते हे आपण जाणताच. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर असतील असे पाहावे. नेटवर्कवरून विंडोज उतरत असताना केवळ स्विच बंद पडला, तरी सर्व यंत्रे अर्धवट राहतात. लॅब एकदम न घेता एकेक रांग घ्यावी, म्हणजे मध्येच काही झाले तर एका रांगेपुरतेच पुन्हा करावे लागेल.