वर्कशॉपमध्ये वायरी छतावरून आणायच्यात, कशा आणू?

भुसाच_भुसा:
नमस्कार मंडळी. मागच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप थाटलंय. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) मधोमध आणि बोर्ड सगळे भिंतीला, त्यामुळे एक एक्स्टेंशन कायम जमिनीवर आडवी पडलेली असते आणि वर भुसा साचला की ती दिसतच नाही. परवा प्लायची आख्खी शीट धरून मागे मागे सरकत होतो, पाय अडकला, पडलो नाही पण शीटचा कोपरा गेला आणि प्लग सॉकेटमधून अर्धा निघून पितळी पिना उघड्या दिसायला लागल्या, ते बघून जास्त टरकलो. आता वायर वरून आणायची ठरवलंय. हीच एक्स्टेंशन भिंतीवरून छताला न्यायची, क्लिपा ठोकायच्या आणि मशीनच्या वर खाली सोडायची, साधारण १० मीटर. सॉवर १५०० वॅट लिहिलंय, सोबत व्हॅक्यूम चालू असतो. चालेल ना? की ते वायर आपोआप गुंडाळून घेणारं स्प्रिंगवालं रीळ येतं ते लावू?

अर्धा_एचपी:
एक्स्टेंशन छताला ठोकू नका. ती तात्पुरती वापरून गुंडाळून ठेवायची चीज आहे, एकदा क्लिपा मारल्या की तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि एखादा खिळा वायरीवर जरा जोरात बसला तर आतलं इन्सुलेशन चेपलंय हे बाहेरून कळत पण नाही. छतापर्यंतचं काम इलेक्ट्रिशियनकडून पाईपमधून पक्कं करून घ्या, २.५ ची (चौरस मिमी) वायर, सॉसाठी वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि छताला सॉकेट. तिथून खाली येईल तेवढीच फ्लेक्सिबल केबल, तीन कोरची, रबराच्या कव्हरची. आणि आरसीसीबी (करंट गळायला लागला, म्हणजे शॉक बसताना, लाईन तोडणारा स्विच) ३० मिलीअँपियरचा आहे का बघा, नसेल तर आधी तो, बाकी सगळं नंतर.

तारतम्य:
रिळाबद्दल सांगतो, कारण मी लावलं होतं आणि काढलं. गुंडाळलेली वायर तापते हो. स्वस्त रिळात बऱ्याचदा ०.७५ ची वायर असते. सॉ आणि व्हॅक्यूम मिळून १० अँपियर धरा, तर दर मीटरला साधारण ५ वॅट उष्णता, म्हणजे १० मीटर आत गुंडाळलेली राहिली तर ५० वॅटचा बल्ब बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखं. माझं रीळ हाताला गरम लागायला लागलं आणि प्लास्टिकचा वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रिळावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण सोडल्यावर किती, आपण मोठा तेवढा वाचतो. ड्रिलला, सँडरला रीळ मस्त. सॉला नको.

आणि जाडीचं म्हणाल तर, मोटर सुरू होताना पाचसहा पट करंट खेचते. १० मीटर ०.७५ च्या वायरीत त्या क्षणी १८ एक व्होल्ट वायरीतच जातात, २.५ ला तेच ५-६. सॉ सुरू होताना गुरगुरत उठते का? मग आधी वायर बघा, मोटरला शिव्या नंतर.

भुसाच_भुसा:
गुरगुरते 😅 मला वाटायचं ब्लेड बोथट झालंय.

रंधा_आणि_मी:
सगळे जाडीवर बोलतायत, लटकणाऱ्या वायरीचं वजन कोणावर ते कोणी बोललंच नाही. वजन सॉकेट-प्लगच्या आत वायर आवळलेल्या स्क्रूवर आलं की झालं. वर स्लॅबला हूक, त्यात नायलॉनची दोरी, केबलला जाळीची ग्रिप (केबल घट्ट पकडणारी जाळीची बाही) घालून ती दोरीला बांध. हूक ते सॉकेट या टप्प्यात केबल थोडी सैल, झोळी पडेल इतकी. म्हणजे खाली कितीही हिसका बसला तरी ओढ दोरीवर. आणि प्लग स्वतः भरणार असशील तर आत अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेव, कधी उपटलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

खालचं सॉकेट तोंड खाली करून लटकव, वर तोंड असलं की भुसा आत जाऊन बसतो. पण मग वजनाने प्लग निसटतो, म्हणून फिरवून लॉक होणारं घे.

एक फायदा मात्र मला नंतर कळला. ब्लेड बदलताना प्लग काढला की तो डोळ्यासमोर लटकत असतो. भिंतीच्या बोर्डाला असायचा तेव्हा काढलाय की नाही हे आठवायला लागायचं, आणि आठवणीवर बोटं सोपवायची म्हणजे...

अर्धा_एचपी:
+१ दोरीला. फक्त ब्लेडच्या बरोबर वर सोडू नका. आठ बाय चारची शीट फिरवताना कोपरा वायरीत जातोच. मशीनच्या मागच्या कडेला, आपण उभे राहतो त्याच्या पलीकडे.

भुसाच_भुसा:
मागच्या कडेला कापलेली शीट बाहेर येते ना पण?

रंधा_आणि_मी:
बरोबर, त्याचं चुकलं. बाजूला घे, ज्या बाजूला फेन्स (शीट टेकवून सरळ कापायची पट्टी) नाही आणि तू उभा नाहीस तिथे. नाहीतर जागा ठरवण्याआधी सुतळी लटकवून बघ की, भोक पाडायची घाई कशाला.

अर्धा_एचपी:
हो, माझं चुकलं. माझी सॉ भिंतीला लागून आहे, त्यामुळे मागून काही बाहेर येतच नाही.

भुसाच_भुसा:
अपडेट. सुतळीला जुना मोजा बांधून त्यात मूठभर स्क्रू भरले आणि दोन दिवस तसंच काम केलं. पहिल्या जागी तीनदा तोंडावर आपटला, एकदा शीटला गुंडाळला. फूटभर डावीकडे सरकवला, मग दिवसभरात एकदाच लागला, तेही मी चहाचा कप ठेवायला वाकलो म्हणून. तिथे खूण केलीय. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, मोजा अजून लटकतोय, घरचे विचारतायत हे काय आहे.