डाख, सांधा आणि कल्हई : रेल्वे मॉडेलच्या रुळांना वायर जोडताना कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न

रेल्वे मॉडेलचा नाद लागलेल्या मुलांसाठी मी मराठीत छोटी पुस्तिका लिहितेय. रुळांना वायर जोडण्याच्या प्रकरणापाशी अडलेय. माझं वाक्य असं होतं : ‘रुळाच्या सांध्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवावं आणि मंद आचेवर सांधा पक्का करावा.’ वाचून दाखवलं तर एका मुलाने लगेच विचारलं, ‘सांधा म्हणजे गाडी जिथून वळते तोच ना?’ त्याचं बरोबरच होतं.

सोल्डरिंगला, म्हणजे कथलासारखा धातू वितळवून दोन तुकडे जोडण्याला, नेमका मराठी शब्द कोणता? डाख, डाग आणि झाळ असे तीन कानावर आलेत. आणि बिट (आयर्नचं तापणारं टोक), फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावायचा पदार्थ), टिनिंग (आधी द्यायचा कथलाचा पातळ थर) यांचं काय करू? मराठी करू की आहेत तसेच ठेवू?

प्रतिसाद

डाख लिहा. पुल्लिंगी शब्द. डाख देणे, डाख बसणे, डाख सुटणे. कुणी ‘डाक’ही म्हणतं. दागिने घडवणाऱ्यांच्या तोंडी ‘डाग’ असतो, पण त्या बिचाऱ्या शब्दावर आधीच कामाचा फार बोजा आहे : कपड्यावरचा डाग, सोन्याचा डाग म्हणजे दागिना, प्रवासात मोजायचे सामानाचे डाग, तापल्या लोखंडाचा डाग. मुलांना त्यात आणखी एक नको.

प्रतिसाद

डाख याला माझंही अनुमोदन. झाळ मात्र वेगळी ठेवा. बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते, पण पारिभाषिक मराठीत विभागणी स्वच्छ आहे. जोडणारा धातू ४५० अंश सेल्सियसच्या खाली वितळत असेल तर डाखकाम, त्याच्या वर असेल तर झाळकाम. दोन्हींत मूळ तुकडे वितळत नाहीत. तेही वितळवून एकजीव केले की वितळजोडकाम, म्हणजे वेल्डिंग. रुळांसाठी जोडणारा धातू म्हणून वापरतो ती कथील-शिशाची तार १८३ अंशांना वितळायला लागते, बिनशिशाची साधारण २१७ ते २२७ अंशांना. म्हणजे आपलं सगळं डाखकामच.

‘सांधा’ या प्रकरणातून पूर्ण काढून टाका असं मी आग्रहाने सांगेन. मराठीत रेल्वेचा सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा. सांधेवाला, सांधा बदलणे हे शब्द रुळलेले आहेत. मॉडेलवर खरेखुरे सांधे असतात आणि त्यांचे सरकते भाग हलायलाच हवेत. ‘सांध्याला डाख द्या’ असं छापलं आणि एखाद्या मुलाने शब्दशः तसंच केलं, तर तो सांधा कायमचा जाम. दोन रूळ टोकाला टोक लावून जुळतात त्या जागेला ‘जोड’ म्हणा, तिथल्या पट्टीला फिशप्लेट. रेल्वेत काम करणारेही फिशप्लेटच म्हणतात, तिचं भाषांतर करत बसू नका.

आता ‘टोक’. हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्यानेच माणूस चुकीचं हत्यार विकत घेतो. टोक म्हटलं की डोळ्यापुढे अणकुचीदार काहीतरी येतं. मीही पहिल्यांदा पेन्सिलीसारखा निमुळता बिट आणि २५ वॅटचं आयर्न घेतलं होतं, काम नाजूक म्हणून हत्यार नाजूक. रुळाला टेकवलं. तार वितळेना. पाच सेकंद, आठ सेकंद, दहा. मग एकदम वास आला. खाली पाहिलं तर प्लास्टिकच्या दोन स्लीपरवरचे (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरचे) रूळ धरून ठेवणारे बारीक खिळे मेणासारखे बसले होते आणि रूळ आत झुकला होता. एचओ या रेल्वे मॉडेलच्या मापात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. माझं तिथे कमी झालं होतं, आणि प्रत्येक गाडी बरोबर त्याच जागी घसरायची. तेवढा रुळाचा तुकडा शेवटी कापून काढावा लागला.

कारण साधं आहे. रूळ म्हणजे धातूची लांबलचक पट्टी, ती उष्णता दोन्हीकडे ओढून नेते. निमुळता बिट रुळाला जेमतेम एका बिंदूत टेकतो, आणि टेकताच थंड पडतो. डाखाच्या जागी १८३ अंश यायच्या आत उष्णता पसरत पसरत स्लीपरपर्यंत पोचलेली असते. छिन्नीसारखा चपटा बिट आणि ४० ते ६० वॅटचं, शक्यतो तापमान ठरवता येणारं आयर्न घेतलं की दोन-तीन सेकंदांत काम होतं आणि स्लीपरला पत्ताही लागत नाही. म्हणून ‘चपटा बिट’ असंच लिहा. दुकानातही बिटच मागतात.

ह्याच कारणाने ‘मंद आचेवर’ पहिल्यांदा खोडा. स्वयंपाकाच्या सवयीने हातून लिहिलं जातं, पण इथे ते उलटं पडतं. मंद आच आणि जास्त वेळ हाच स्लीपर वितळवायचा खात्रीचा मार्ग. ‘भरपूर धग, थोडा वेळ’ असं म्हणा. धग शब्दात जोर आहे, आच त्या मानाने सौम्य.

टिनिंगला तर आपल्याकडे तयार शब्द आहे : कल्हई. मूळ अरबी शब्दाचा अर्थच कथील. भांड्याला देतात तसाच कथलाचा पातळ थर आधी रुळाला, मग वायरच्या उघड्या टोकाला. त्यानंतर दोन्ही एकमेकांना लावून बिटाचा एकच स्पर्श. ‘दोघांना कल्हई, मग डाख’ एवढं लक्षात राहिलं तरी मुलांचं अर्धं काम झालं. बिटालाही कल्हई लागते, काळा पडलेला बिट कितीही तापवला तरी उष्णता देत नाही.

फ्लक्सला पारिभाषिक शब्द ‘अभिवाह’ आहे. तो मुलांच्या पुस्तिकेत नको. ‘राळ’ लिहा, कारण हवी ती वस्तूही राळच. नुसतं ‘पेस्ट’ लिहिलंत तर कुणी नळकामाची पेस्ट आणेल. तिच्यात बहुधा जस्ताचं क्लोराइड असतं, त्याने वायर हळूहळू खाल्ली जाते. कल्हईवाल्यांचा नवसागरही इथे चालणार नाही. शब्द त्यांचा घेतला म्हणून सामान घेऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. सांध्याचा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. दोन शंका उरल्या. सोल्डरिंग आयर्नला ‘डाखणी’ म्हटलं तर? आणि रूळ ‘निकेल सिल्व्हर’चे लिहिलेत, म्हणून मी ‘चांदी मिसळलेले’ असं लिहिलंय.

प्रतिसाद

लेखणी, चाळणी, गाळणी यांच्या ओळीत डाखणी शोभते. घडण अस्सल आहे, पण आज ती कुणाच्या तोंडी नाही, आणि मुलाला उद्या जाऊन वस्तू मागायची आहे. एकदा ‘डाखणी म्हणजे सोल्डरिंग आयर्न’ असं सांगून पुढे डाखणी वापरा. मला ती रुजलेली आवडेल.

चांदीचं मात्र नक्की खोडा. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, चांदी अजिबात नाही. रंगावरून पडलेलं नाव. मराठीत त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, तिथेही हीच फसगत. डाख मात्र त्यावर छान बसतो.

मूळ प्रश्नकर्ती

आता असं लिहिलंय, पाहाल का?

‘रुळाची बाहेरची बाजू बारीक पॉलिशपेपरने घासा. आतल्या बाजूला वायर लावायची नाही, तिथून चाकाची कड जाते. डाखाच्या जागेच्या दोन्ही अंगांना रुळावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा, म्हणजे स्लीपर वाचतील. थोडी राळ लावा. रुळाला आणि वायरला आधी कल्हई द्या. मग वायर रुळाला लावून डाखणीचा चपटा बिट दोन-तीन सेकंद टेकवा आणि उचला. डाख वाळेपर्यंत वायर हलवू नका.’

प्रतिसाद

उत्तम झालंय. फक्त ‘वाळेपर्यंत’ नको. वाळतं ते ओलं असतं, इथे पाणी कुठलं? ‘थिजेपर्यंत’ लिहा, तूप थिजतं तसं. कथील ६० आणि शिसं ४० भाग असलेली तार १९० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ असते आणि निवताना १८३ पर्यंत लापशीसारखी राहते. नेमकी तेव्हा वायर हलली तर डाख आतून भेगाळतो आणि खरखरीत दिसतो. कथील ६३ आणि शिसं ३७ भागांची तार एकदम थिजते, शिकणाऱ्यासाठी तीच सुचवा. चांगला डाख रूळ आणि वायर यांच्यामध्ये आत वळलेला, दोघांनाही चाटून बसलेला दिसतो. गोळी होऊन वर बसला असेल तर नुसता चिकटलाय, बसलेला नाही. बिनशिशाच्या तारेचा डाख चांगला असला तरी मंदच दिसतो, तेव्हा तिथे चमक नाही, हा आकार बघायला सांगा.