‘बहुमत’ म्हणजे नक्की किती मतं?

नौपाडा, ठाणे
रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन ठेकेदारांची कोटेशनं आली होती. हजर सभासद ४१. हात वर करून मतं मोजली : १७, १४, १०. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, ‘पहिल्या ठेकेदाराचा प्रस्ताव बहुमताने मंजूर.’ मी उभी राहून म्हटलं, ४१ जणांत बहुमत २१ ला होतं. ‘सगळ्यांत जास्त १७ च ना? मग झालं बहुमत,’ असं तिघाचौघांनी ऐकवलं. माझा मुद्दा मला बरोबर वाटतो, पण मग त्या १७ ला म्हणायचं काय? लोकसभेची निवडणूक पद्धत बदलावी की नाही, यावर वाद सुरू झाला की नेमका इथेच घोळ होतो, म्हणून विचारते.

वाशी
ताई, तुमचे सेक्रेटरी भाषेच्या अंगाने अगदीच चूक नाहीत. ‘बहु’ म्हणजे पुष्कळ. बहुमजली, बहुभाषिक या शब्दांत निम्म्याचा काही संबंध नाही. ‘निम्म्याहून जास्त’ हा अर्थ या शब्दाला सभागृहाच्या कामकाजातून चिकटला : लोकसभेत ५४३ जागा, म्हणून बहुमताचा आकडा २७२.
पंचाईत अशी, की जागांचं बहुमत आणि मतांचं बहुमत यांना आपण एकच शब्द वापरतो. २०१४ मध्ये भाजपला २८२ जागा मिळाल्या, मतं साधारण ३१ टक्के. ‘देशाने स्पष्ट बहुमत दिलं’ हे वाक्य जागांपुरतं खरं, मतांपुरतं नाही. कुणा एका पक्षाची ही गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये २०२४ ला मजूर पक्षाने ३४ टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर ६५० पैकी ४०० च्या वर जागा घेतल्या. पद्धतच तशी आहे : प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येतो.

कळवा
मग ‘मताधिक्य’ का नको?

वाशी
नको, काका. निकालाच्या दिवशी ‘अमुक हजारांच्या मताधिक्याने विजयी’ म्हणतात, ते पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर. नाक्यावर त्यालाच ‘किती लीड?’ म्हणतात. ताईंच्या सभेत मताधिक्य फक्त ३ चं.

नौपाडा, ठाणे
मुलीच्या नोट्समध्ये आपल्या पद्धतीचं नाव ‘साधी बहुमत पद्धत’ असं सापडलं. आणि सभागृहात ‘साधं बहुमत’ म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त! तेच दोन शब्द, एकदा निम्म्याची अट असलेले, एकदा नसलेले. पोरांनी यातून काय समजून घ्यायचं? मला तर ‘सर्वाधिक मतांची पद्धत’ हेच नाव सरळ वाटतं. लांब आहे, पण फसवत नाही.

कळवा
हे पटलं. आता ‘प्रमाणशीर’ बद्दल बोला. आमच्याकडे काहीजण म्हणतात, महापालिकेत चार नगरसेवकांचा प्रभाग आहे, म्हणजे ती प्रमाणशीर पद्धतच झाली.

वाशी
नाही हो. अ, ब, क, ड या चार जागांची मतं वेगवेगळी मोजतात आणि प्रत्येक जागी सर्वाधिक मतंवाला येतो. एखाद्या पॅनलने चारही जागी ४० टक्के मतं घेतली आणि बाकीची विखुरली, तर चारही जागा त्यांच्याच. याला बहुसदस्यीय म्हणा. लोक ‘पॅनल पद्धत’ म्हणतात तेही चालेल. प्रमाणशीर म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. न्यूझीलंडने १९९६ पासून तसं केलं : मतदाराला दोन मतं, एक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि संसदेतल्या जागा पक्षाच्या मतांच्या हिशेबात बसवतात.
तिसरा शब्द पसंतीक्रम. तो आपण ठाणेकर-नवी मुंबईकर वापरून बसलोय. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाच्या मतदानाला जांभळं स्केचपेन हातात देतात, नावापुढे १, २, ३ लिहायचं. अंकाऐवजी अक्षरात ‘एक’ लिहिलं की मत बाद. आमच्या आत्याला मी हे दाराशी तीनदा बजावलं होतं. तिथे जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, त्याला कोटा म्हणतात. कुणीच तिथवर पोचला नाही, तर सगळ्यांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात. पुस्तकात याला ‘संक्रमणीय मत’ म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, साथीचा आजार आठवतो. ‘दुसऱ्या पसंतीची मतं’ म्हटलं की कुणालाही कळतं.

नौपाडा, ठाणे
तुमचं वाचून काल लिफ्टपाशी, पार्किंगमध्ये, जो भेटेल त्याला विचारलं. तिसऱ्या ठेकेदाराला मत देणाऱ्या दहांपैकी सात जणांची दुसरी पसंती १४ वाल्याला होती, तिघांची १७ वाल्याला. म्हणजे २१ विरुद्ध २०. खरं बहुमत हरलेल्या ठेकेदाराकडे होतं. काम दिलेलं बदला असं मी म्हणणार नाही, सभेत तसं ठरलंच नव्हतं. पण पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ‘बहुमताने’ खोडून ‘४१ पैकी १७, सर्वाधिक मतांनी’ लिहा, असं पत्र सेक्रेटरींना आज सकाळी दिलं.