'समश्लोकी' म्हणजे सोपी का?

प्रश्न (वेंगुर्ले): आईला रोज थोडं थोडं वाचायला मराठी गीता घ्यायची आहे. दुकानात एका पुस्तकावर 'सार्थ', दुसऱ्यावर 'समश्लोकी', तिसऱ्यावर 'टीका' असं छापलेलं. यातलं सोपं कुठलं?

उत्तर (पेण): ताई, 'समश्लोकी' म्हणजे श्लोकाला श्लोक. हा शब्द रचना कशी आहे ते सांगतो, ती कळेल की नाही ते सांगत नाही. 'सार्थ' म्हणजे अर्थासह: वर संस्कृत, खाली मराठी. आणि इथली 'टीका' म्हणजे उलगडून सांगणं. दोष काढणं नव्हे. ज्ञानेश्वरी ही टीका आहे, ७०० श्लोकांवर ९००० च्या आसपास ओव्या.

विनोबांच्या आईंची अडचण हीच होती. (विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५.) त्यांनी आईला वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, ती तिला जड गेली. तूच का करत नाहीस, असं ती म्हणाली. ती १९१८ मध्ये गेली, आणि १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहून झाली. तीही समश्लोकीच! म्हणून शिक्क्यावर जाऊ नका, दुसऱ्या अध्यायाचा ५४ वा श्लोक उघडा. मूळ असं:

स्थितप्रज्ञस्य का भाषा समाधिस्थस्य केशव ।
स्थितधीः किं प्रभाषेत किमासीत व्रजेत किम् ॥

गीताईत:

स्थिरावला समाधींत स्थितप्रज्ञ कसा असे ।
कृष्णा सांग कसा बोले कसा राहे फिरे कसा ॥

मुळातली 'भाषा' म्हणजे बोली नव्हे, त्या माणसाचं वर्णन. 'स्थितप्रज्ञाची भाषा कोणती' असं कुणी छापलं असेल, तर ते पुस्तक खाली ठेवा. शब्द तोच राहिला पण अर्थ निसटला. विनोबांनी तो शब्दच सोडला आणि 'कसा असे' म्हटलं. 'स्थितप्रज्ञ' मात्र तसाच ठेवला, तेही बरोबर. त्याला मराठीत दुसरा नेमका शब्द मला तरी सुचत नाही. 'कसा बोले, कसा राहे' हे आईंना कुणी समजावून द्यावं लागणार नाही.

प्रश्न (वेंगुर्ले): आणि 'सान्वय'?

उत्तर (मालवण): अन्वय म्हणजे श्लोकातले शब्द गद्याच्या क्रमाने लावून दाखवणं. संस्कृत शिकणाऱ्याला फार उपयोगी, आईंना त्याची गरज नाही. गीताईच घ्या, फक्त मोठ्या टायपाची प्रत मागा.